फळांच्या सोड्यात बुडबुडे कुठून येतात? लुई पाश्चर यांची गोष्ट

डाळिंबाचा रस, थोडी साखर आणि आल्याचं विरजण. सगळं एका बाटलीत भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि एक-दोन दिवस ओट्यावर ठेवून द्यायचं. गॅसचा सिलिंडर नाही, मशीन नाही, सोड्याची पुडी नाही. तरी झाकण उघडलं की फस्स आवाज येतो आणि ग्लासात बुडबुडे चढतात. नैसर्गिक आंबवलेल्या सोड्याचे असे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येत असतील. रेसिपी सगळेच सांगतात. पण हा गॅस केला कुणी, तो किती होणार आणि बाटली फुटणार की टिकणार, हे फार कमी जण सांगतात.

या प्रश्नांच्या मागे गेलं की आपण एका माणसापाशी पोचतो: लुई पाश्चर. शाळेच्या पुस्तकात ते दोन ओळींत भेटतात, एक रेबीजची लस आणि दुसरं पाश्चरायझेशन. पण त्याआधी आणि त्यासोबत वीसहून जास्त वर्षं त्यांच्या डोक्यात एकच विषय होता. पदार्थ आंबतो म्हणजे नक्की काय होतं?

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. जीवशास्त्राशी संबंध बारावीलाच संपला. तरी पाश्चर यांचं काम वाचताना मला ते ओळखीचं वाटलं, कारण बग शोधण्याची त्यांची पद्धत आपल्यासारखीच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा आणि काय होतं ते बघा. चला तर मग, त्यांचं आयुष्य आणि आपली सोड्याची बाटली, दोन्ही सोबत समजून घेऊया.

कातडी कमावणाऱ्याचा मुलगा

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधल्या दोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात लढलेले आणि नंतर कातडी कमावण्याचा धंदा करणारे. पुढे हे कुटुंब आर्बुआला राहायला गेलं. आर्बुआ म्हणजे द्राक्षमळ्यांचा आणि वाइनचा गाव. लुईचं बालपण तिथे गेलं आणि पुढे आयुष्यभर तो सुट्टीत तिथेच परतत राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण त्यांचा एक फार महत्त्वाचा प्रयोग याच गावच्या द्राक्षवेलींवर होणार आहे.

शाळेत असताना लुई हुशार म्हणून गाजलेला नव्हता. चित्रं मात्र छान काढायचा. आईवडिलांची आणि शेजाऱ्यांची त्याने रंगीत खडूने काढलेली व्यक्तिचित्रं आजही जपून ठेवलेली आहेत. पुढे १८४३ मध्ये त्याला पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला आणि तिथे तो रसायनशास्त्रात रमला.

चित्रकाराची नजर त्यांना पहिल्या मोठ्या शोधात उपयोगी पडली. वाइनच्या पिंपात तळाला आणि कडेला जो खडा साचतो, त्यातून टार्टारिक आम्ल मिळतं. त्याचाच एक जुळा भाऊ म्हणावा असा दुसरा पदार्थही मिळायचा. रासायनिक घटक तेच, पण प्रकाशावरचा परिणाम वेगळा. असं का, हे कुणाला उलगडत नव्हतं. १८४८ मध्ये पाश्चर यांनी या दुसऱ्या पदार्थाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहिले. त्यात दोन प्रकार होते, डाव्या आणि उजव्या हातासारखे, एकमेकांची आरशातली प्रतिमा. त्यांनी चिमट्याने एकेक स्फटिक उचलून दोन ढीग केले. एका ढिगाचं द्रावण प्रकाशाला एका बाजूला वळवायचं, दुसऱ्याचं दुसऱ्या बाजूला. तेव्हा ते फक्त २५ वर्षांचे होते.

पुढे त्यांच्या लक्षात आलं की सजीवांनी बनवलेल्या पदार्थांत बहुतेकदा एकाच हाताचे रेणू सापडतात. तेव्हापासून त्यांच्या मनात एक धागा पक्का झाला. जिथे असा एकाच हाताचा पदार्थ तयार होतो, तिथे मागे काहीतरी जिवंत असणार. आंबण्याच्या क्रियेतही असे पदार्थ तयार होत होते.

१८४९ मध्ये स्ट्रासबर्गला प्राध्यापक असताना त्यांचं मारी लोराँ यांच्याशी लग्न झालं. मारी यांनी संसार तर सांभाळलाच, शिवाय नवऱ्याच्या टिपणांच्या स्वच्छ प्रती करणं, सांगितलेलं लिहून घेणं, प्रयोगांवर नजर ठेवणं हेही वर्षानुवर्षं केलं.

बीटाच्या टाक्या बिघडल्या

१८५४ मध्ये पाश्चर लील शहरातल्या नव्या विज्ञान विद्याशाखेचे प्रमुख झाले. लील हे कारखान्यांचं शहर. तिथे बीटाच्या रसातली साखर आंबवून अल्कोहोल काढायचे. १८५६ मध्ये त्यांच्या एका विद्यार्थ्याचे वडील, कारखानदार बिगो, तक्रार घेऊन आले. काही टाक्या नीट आंबायच्या, काहींत मात्र रस आंबट व्हायचा आणि अल्कोहोल हाती लागायचं नाही. कच्चा माल तोच, माणसं तीच, टाक्या त्याच.

पाश्चर दोन्ही टाक्यांतले नमुने घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बसले. चांगल्या टाकीत त्यांना गोलसर, फुगीर कण दिसले. काहींना बाजूने कोंब फुटावा तशी छोटी पिल्लं फुटत होती. हे यीस्ट. बिघडलेल्या टाकीत मात्र त्याहून कितीतरी बारीक, काड्यांसारखे जीव होते आणि त्या रसात लॅक्टिक आम्ल भरपूर होतं. हे तेच आम्ल, जे दह्याला आंबटपणा देतं.

म्हणजे टाकी बिघडली असं म्हणण्यात अर्थ नव्हता. तिथे वेगळे भाडेकरू राहायला आले होते आणि ते त्यांचं काम व्यवस्थित करत होते.

तुमच्या सोड्याच्या बाटलीतही हे दोन्ही भाडेकरू असतात. यीस्ट साखर खाऊन गॅस आणि थोडं अल्कोहोल करतं. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आंबटपणा आणतात. एका वेळी सोडा फसफसतो आणि दुसऱ्या वेळी नुसताच आंबट होतो, याचं कारण बहुतेकदा दोघांपैकी कुणाचा जोर जास्त झाला, यात असतं.

जिवंत की निर्जीव? मोठं भांडण

आज हे सोपं वाटतं. पण तेव्हा युरोपातले सर्वांत दबदबा असलेले रसायनशास्त्रज्ञ, जर्मनीचे युस्टुस फॉन लीबिग, याच्या विरोधात होते. त्यांच्या मते आंबणं ही शुद्ध रासायनिक क्रिया होती. काहीतरी कुजतं, त्याच्या हालचालीचा धक्का साखरेच्या रेणूला बसतो आणि तो फुटतो, असं ते मानायचे. यीस्ट जिवंत आहे हे १८३७ च्या सुमाराला तीन वेगवेगळ्या संशोधकांनी सांगितलं होतं. त्यावर लीबिग आणि त्यांचे मित्र व्योलर यांनी चक्क थट्टा करणारा लेख छापला होता.

पाश्चर यांनी वाद प्रयोगाने पुढे नेला. १८५७ मध्ये त्यांनी लॅक्टिक आंबण्यावरचा निबंध मांडला आणि १८६० मध्ये अल्कोहोलच्या आंबण्यावरचा मोठा प्रबंध. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो. लीबिग यांच्या म्हणण्याप्रमाणे आंबायला कुजणारा प्रथिनयुक्त पदार्थ लागायला हवा होता. पाश्चर यांनी तो पदार्थच काढून टाकला. स्वच्छ पाणी, साखर, अमोनियाचा एक क्षार, यीस्टच्या राखेतली खनिजं आणि किंचित जिवंत यीस्ट, एवढंच ठेवलं. कुजायला काही नव्हतंच. तरी यीस्ट वाढलं आणि साखर आंबली.

त्यांनी हेही दाखवलं की साखरेतून फक्त अल्कोहोल आणि गॅस मिळतो हे समीकरण पूर्ण खरं नाही. ग्लिसरीन आणि सक्सिनिक आम्लही थोडं तयार होतं आणि थोडी साखर यीस्ट स्वतःच्या शरीरासाठी वापरतं. नुसत्या रासायनिक क्रियेपेक्षा हा एखाद्या जीवाचा जमाखर्च जास्त वाटत होता.

१८६१ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. काही जीव हवेशिवाय जगतात, इतकंच काय, हवा लागली की मरतात. यीस्टला दोन्ही जमतं. हवा असेल तर ते आपली संख्या जोरात वाढवतं. हवा नसेल तर संख्या फार वाढत नाही, पण साखर मात्र भराभर फोडून गॅस आणि अल्कोहोल करत राहतं. आता सोड्याच्या रेसिपीतले दोन टप्पे आठवा. विरजण आपण कापड बांधून, हवा लागू देऊन, रोज ढवळून वाढवतो. रस मात्र झाकण लावून, हवा तोडून बाटलीत बंद करतो. आधी माणसं भरती करायची, मग त्यांना कामाला लावायचं, असा हा हिशोब आहे.

हंसाच्या मानेची बाटली

मग पुढचा प्रश्न आला. हे सूक्ष्म जीव येतात कुठून? रुआँ शहरातले निसर्गशास्त्रज्ञ फेलिक्स पुशे म्हणत होते की ते निर्जीव पदार्थातून आपोआप जन्मतात. पाश्चर यांनी काचेच्या फ्लास्कमध्ये पोषक द्रव भरला, फ्लास्कची मान तापवून हंसाच्या मानेसारखी लांब आणि वाकडी ओढली आणि द्रव उकळला. मानेचं टोक उघडंच होतं, म्हणजे हवा आत जात होती. धूळ मात्र वळणात अडकायची. द्रव तसाच स्वच्छ राहिला. मान तोडली किंवा द्रव वळणापर्यंत नेऊन परत आणला की काही दिवसांत त्यात वाढ दिसायची.

१८६० मध्ये ते बंद फ्लास्क घेऊन डोंगर चढले. पायथ्याशी उघडलेल्या २० फ्लास्कपैकी ८ बिघडले, ८५० मीटर उंचीवर २० पैकी ५ आणि आल्प्समधल्या हिमनदीवर २० पैकी फक्त १. हवा सगळीकडे होती, पण तिच्यातली धूळ आणि जीव सगळीकडे सारखे नव्हते. या कामासाठी १८६२ मध्ये त्यांना फ्रेंच विज्ञान अकादमीचं पारितोषिक मिळालं.

पुशे यांनीही डोंगरावर जाऊन प्रयोग केले होते आणि त्यांचे फ्लास्क बिघडले होते. ते खोटं बोलत नव्हते. ते गवताचा काढा वापरायचे आणि गवतावरच्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, हे पुढे १८७० च्या दशकात कळलं. निष्कर्ष पाश्चर यांचा बरोबर होता, पण पुशे यांच्या काढ्याचं कोडं तेव्हा सुटलेलं नव्हतं.

वाइन गरम केली आणि दुधाला नाव मिळालं

१८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून पाश्चर वाइनच्या दुखण्यांकडे वळले. फ्रेंच वाइन साठवताना आणि प्रवासात बिघडायची, कडू किंवा आंबट व्हायची. आर्बुआमध्ये तात्पुरती प्रयोगशाळा थाटून त्यांनी प्रत्येक दुखण्यामागचा वेगळा सूक्ष्मजीव शोधला. उपाय साधा निघाला. वाइन ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ गरम करायची. उकळायची गरज नाही, चवही फारशी बदलत नाही. १८६५ मध्ये त्यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं. दुधाला ही पद्धत नंतर इतरांनी लावली, पण नाव पाश्चर यांचंच राहिलं.

सोडा करणाऱ्यांसाठी इथे थेट धडा आहे. दुकानातल्या पॅकबंद रसाचं पाश्चरायझेशन झालेलं असतं. त्यातलं यीस्ट मेलेलं असतं, म्हणून तो रस नुसता ठेवून सोडा होणार नाही, बाहेरून विरजण घालावंच लागेल. शिवाय लेबल वाचा. त्यावर आयएनएस २११ म्हणजे सोडियम बेंझोएट किंवा आयएनएस २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट लिहिलं असेल, तर हे पदार्थ यीस्टला रोखण्यासाठीच घातलेले असतात. अशा रसात चांगलं विरजणही दमून जातं.

घरातलं दुःख

याच वर्षांत त्यांच्या घरात काय चाललं होतं, हे कळल्यावर मी थोडा थांबलो. १८५९ मध्ये मोठी मुलगी जान नऊ वर्षांची असताना टायफॉइडने गेली. १८६५ मध्ये दोन वर्षांची कामिय गेली. १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल, तीही टायफॉइडनेच. पाचपैकी दोनच मुलं मोठी झाली. टायफॉइड कशाने होतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. वाइनला दुखणी सूक्ष्मजीवांमुळे होतात, तर माणसांना का नाही, हा प्रश्न या माणसासाठी फक्त प्रयोगशाळेतला राहिला नसणार.

१८६५ ते १८७० दरम्यान ते दक्षिण फ्रान्समधल्या अलेसला रेशीमकिड्यांच्या रोगांवर काम करत होते. त्यातच ऑक्टोबर १८६८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू कायमची अधू झाली. त्यानंतरचे बहुतेक प्रयोग सहकाऱ्यांच्या हातांनी झाले. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स जर्मनीकडून हरला. त्या रागात जर्मन बिअरला टक्कर द्यायची म्हणून त्यांनी बिअरचा अभ्यास केला आणि १८७६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. बिअर बिघडते ती नको असलेल्या जीवांमुळे, म्हणून तुम्ही वापरता ते यीस्ट शुद्ध ठेवा, हे त्याचं सार.

द्राक्षवेलींवर काचघर

आता येतो तो प्रयोग, ज्यावर आपला घरचा सोडा उभा आहे.

फ्रान्सचे थोर शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार फेब्रुवारी १८७८ मध्ये वारले. त्याच वर्षी त्यांची अर्धवट टिपणं छापली गेली. त्यात म्हटलं होतं की द्राक्षाच्या रसात यीस्टशिवायही अल्कोहोल तयार होऊ शकतं. बर्नार पाश्चर यांचे मित्र होते आणि आता उत्तर द्यायला हयात नव्हते. पाश्चर यांनी ठरवलं की उत्तर द्राक्षांकडूनच घ्यायचं.

आर्बुआजवळ त्यांची छोटी द्राक्षबाग होती. त्यांनी घाईने काचघरं बनवून घेतली आणि द्राक्षं हिरवी, कच्ची असतानाच काही वेली त्यांखाली झाकल्या. शिवाय आतले काही घड निर्जंतुक कापसात गुंडाळले. शेजारच्या वेली तशाच उघड्या. ऊन, माती, जात, सगळं सारखं. फरक एकच, बाहेरून येणारी धूळ आणि जीव.

ऑक्टोबरमध्ये द्राक्षं पिकली. उघड्या वेलींवरची द्राक्षं चुरगळली की रस नेहमीसारखा आंबू लागला. काचघरात कापसाखाली पिकलेली द्राक्षं चुरगळली, उबेत ठेवली, आणि काहीच झालं नाही. रस गोड तो गोडच. मग कापसातले घड बाहेर उघड्या वेलींना बांधून ठेवले, तर काही काळाने त्यांचाही रस आंबू लागला.

म्हणजे आंबवण्याची ताकद द्राक्षाच्या गरात नव्हतीच. ती सालीवर बाहेरून येऊन बसत होती आणि फळ पिकतं त्या सुमारालाच. फळमाशा आणि गांधीलमाशा यीस्टची ने-आण करतात हे आज आपल्याला माहीत आहे.

म्हणूनच सोड्याच्या रेसिपीत आलं सोलू नका, द्राक्षं गरम पाण्याने धुऊ नका, असं सांगतात. चिखल आणि माती साध्या पाण्याने काढायची, पण साल ठेवायची. साल फेकली तर आपले कामगारच कचऱ्यात गेले.

आता घरचा सोडा, गणितासह

माझ्या पुण्यातल्या ओट्यावर आल्याची बरणी नेहमी असते. पद्धत सोपी आहे.

१. विरजण: उकळून गार केलेलं २ कप पाणी, सालासकट किसलेलं २ चमचे आलं, २ चमचे साखर. काचेच्या बरणीत घालून तोंडाला कापड बांधा. रोज एक-एक चमचा आलं आणि साखर घाला, ढवळा. आपल्या हवेत चार ते सात दिवसांत वर बुडबुडे दिसतात आणि हलका आंबूस, आल्याचा वास येतो. केसाळ बुरशी दिसली किंवा कुजका वास आला तर सरळ फेकून द्या.

२. सोडा: एक लीटर ताजा, पाणी घालून पातळ केलेला रस घ्या. डाळिंब, द्राक्ष, अननस, काहीही चालेल. थोडं लिंबू पिळा, आंबट रसात नको असलेले जिवाणू सहज वाढत नाहीत. त्यात अर्धा कप गाळलेलं विरजण घाला.

३. बाटली: सोड्याचीच प्लास्टिकची बाटली वापरा, वर चार बोटं जागा सोडा. सावलीत ठेवा. दर बारा तासांनी दाबून बघा. बाटली टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात यासाठी एक दिवसही पुरतो.

प्लास्टिकची बाटली का? आता गणित बघा. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर साधारण ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ९२ ग्रॅम अल्कोहोल होतं. म्हणजे एक ग्रॅम साखरेमागे जवळपास अर्धा ग्रॅम गॅस. एक लीटर गॅसचं वजन सुमारे २ ग्रॅम असतं. म्हणून एक लीटर पेयात एक लीटर गॅस भरायला फक्त ४ ग्रॅम साखर लागते, म्हणजे एक छोटा चमचा. बाजारातल्या सोड्यात पेयाच्या तीन ते चार पट गॅस असतो. त्यासाठी १२ ते १६ ग्रॅम साखर पुरते.

आणि द्राक्षाच्या शुद्ध रसात लीटरमागे १५० ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती सगळी आंबली तर एका लीटरच्या बाटलीत ३५ लीटरहून जास्त गॅस होईल. पण तोपर्यंत बाटली टिकणारच नाही. काचेची असेल तर तिचे तुकडे होऊन ते डोळ्यांत, मानेत घुसू शकतात. रसातली साखर हा यीस्टसाठी कधी न संपणारा डेटा पॅक आहे. ते आपणहून थांबणार नाही, आपल्यालाच थांबवावं लागतं. फ्रिजमध्ये यीस्ट मंदावतं, मरत नाही. म्हणून सोडा चार-पाच दिवसांत संपवा आणि झाकण सिंकवर धरून हळूहळू उघडा.

दुसरी गोष्ट अल्कोहोलची. १२ ते १६ ग्रॅम साखर आंबली म्हणजे लीटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्कोहोल, साधारण पाऊण ते एक टक्का. जास्त दिवस ठेवलं तर आणखी. नैसर्गिक आहे म्हणून अल्कोहोल होत नाही असं नसतं. लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि अल्कोहोल टाळणाऱ्या कुणालाही हा सोडा न सांगता देऊ नका.

लसी, आणि वहीतलं सत्य

वाइन आणि बिअरनंतर पाश्चर प्राण्यांच्या आणि माणसांच्या रोगांकडे वळले. मे १८८१ मध्ये पुई-ल-फोर गावी त्यांनी अँथ्रॅक्सच्या लसीचा जाहीर प्रयोग केला. लस दिलेल्या २४ मेंढ्या आणि एक बकरी, न दिलेल्या तेवढ्याच. नंतर सगळ्यांना घातक जंतू टोचले. २ जूनला लोक जमले तेव्हा लस न दिलेली जनावरं मेलेली किंवा मरायला टेकलेली होती आणि लस दिलेली उभी होती. ६ जुलै १८८५ रोजी अल्सासमधल्या, पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोझेफ माइस्टरला रेबीजची लस द्यायला सुरुवात झाली. पाश्चर डॉक्टर नव्हते, त्यामुळे सुई दुसऱ्या डॉक्टरांनी टोचली. मुलगा वाचला.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच होईल. आपल्या प्रयोगांच्या वह्या कुणाला दाखवू नका, असं पाश्चर घरच्यांना सांगून गेले होते. १९६४ मध्ये त्यांच्या नातवाने त्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिल्या. अभ्यासकांनी त्या वाचल्यावर दिसलं की पुई-ल-फोरची लस लोकांना वाटत होती त्या पद्धतीने बनवलेली नव्हती. जंतू पोटॅशियम डायक्रोमेट या रसायनाने दुबळे केलेले होते, आणि रसायनाने जंतू दुबळे करण्याची वाट तूलूझचे पशुवैद्य तूसँ यांनी आधीच दाखवली होती. रेबीजच्या बाबतीतही, माइस्टरला जी नेमकी पद्धत वापरली तिच्या कुत्र्यांवरच्या चाचण्या तोवर पूर्ण झालेल्या नव्हत्या. १९९५ मध्ये इतिहासकार जेराल्ड गाइसन यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि मोठा वाद झाला.

लसींनी काम केलं, जीव वाचले, हे खरंच आहे. तूसँ यांना त्यांच्या वाट्याचं श्रेय वेळेवर मिळालं नाही, हेही खरं. आमच्या कामात डेमो सुंदर झाला तरी लॉग तपासतात. पाश्चर यांच्या बाबतीत लॉग ऐंशीहून जास्त वर्षांनी उघडला. द्राक्षवेलींवर त्यांनी जो काटेकोरपणा दाखवला, त्याच काटेकोरपणाने त्यांनाही तपासलं पाहिजे, असं मला वाटतं.

शेवट, आणि मुंबईपर्यंत पोचलेली वाट

१८८८ मध्ये पॅरिसमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट उघडली. तिथे काम केलेले वाल्डेमार हाफकिन पुढे भारतात आले आणि मुंबईत प्लेगची साथ असताना जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची. पाश्चर यांनी मात्र हे पाहिलं नाही. २८ सप्टेंबर १८९५ रोजी ते वारले.

आणि त्या जुन्या भांडणाचं काय झालं? १८९७ मध्ये जर्मनीत एदुआर्ट बुख्नर यांनी यीस्टच्या पेशी वाळूसोबत रगडून फोडल्या, रस गाळून घेतला आणि त्यात साखर घातली. एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर आंबली. काम करत होती ती पेशीतली विकरं, म्हणजेच एन्झाइम. म्हणजे क्रिया रासायनिक आहे हे लीबिग यांचं म्हणणं एका अर्थी टिकलं. पण ती विकरं बनवायला जिवंत यीस्ट लागतं, हे पाश्चर यांचं म्हणणंही टिकलं. बुख्नर यांना १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तुम्ही पहिल्यांदा सोडा कराल तेव्हा एक छोटी गोष्ट करून बघा. त्याच रसाच्या दोन बाटल्या भरा. एकीत विरजण घाला. दुसरीत तेच विरजण आधी उकळून, गार करून घाला. दोन्हींवर तारीख आणि वेळ लिहा आणि दर बारा तासांनी दाबून बघा. एक टणक होत जाईल, दुसरी निदान सुरुवातीला मऊच राहील. लीलच्या टाक्यांपासून आर्बुआच्या काचघरापर्यंत पाश्चर हेच करत होते.